पश्चिमेची भिंत

पालखीचा दांडा खंडूच्या पडवीच्या खांबाला लागला आणि खांबातच घुसला. शिमग्यात पालखी नाचवताना दांडा कुठे ना कुठे लागतोच, पूर्णगडात त्याच्या खुणा नसलेली पडवी शोधून सापडायची नाही. पण लाकडावर लाकूड आपटलं की खाडकन आवाज व्हायला हवा. इथे भिजलेल्या पुठ्ठ्यात बोट जावं तसा दांडा आत गेला. तो ओढून काढला तर भोकातून मातीचा भुगा पडला आणि त्या भुग्यात पांढरे किडे वळवळत होते. ढोलवाल्याला मागे काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे तो बिचारा एकटाच वाजवत राहिला.

दांड्याच्या पुढच्या टोकाखाली खांदा होता रावजीचा, खंडूच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. खंडूने दोघांच्या भागीची होडी परस्पर विकली, त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांची घरं एकाच दगडी गडग्याच्या दोन अंगांना होती, एकाच वर्षी, एकाच होडीच्या कमाईवर बांधलेली. पण रावजी या पडवीत पाय ठेवायचा तो वर्षातून एकदा, देवाचा खांदेकरी म्हणून, आणि तेव्हासुद्धा घरधन्याकडे न बघता.

"देवानंच दाखवलान," गर्दीतून वाडीतली आनंदीबाई म्हणाली.

"देवानं कसला? भावानं," कुणीतरी पुटपुटलं. पुटपुटणं असं की सगळ्यांना ऐकू जावं.

रावजीने ते ऐकलं. पालखी खाली ठेवली, ओटी भरून झाली, देवाला गाऱ्हाणं घालून झालं, तोवर तो खांबाकडे बघत उभा होता. खंडूकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. खंडू देवापुढे हात जोडून उभा होता आणि त्याला गाऱ्हाण्यातला एक शब्दही कळला नाही. सगळ्या वाडीदेखत आपलं घर आतून पोकळ निघालं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीहून वाळवीचं काम करणारा माणूस आला. त्याला फोन करून बोलावलं पूर्वीने, खंडूच्या लेकीने. तिला लग्न करून रत्नागिरीतच दिलं होतं आणि तिच्या बिल्डिंगमध्ये गेल्याच साली हा प्रकार होऊन गेला होता. हातातल्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तो माणूस चौकटी, वासे, फडताळं ठोकत निघाला. त्याच्या मागून डोंबिवलीहून आलेली सून ऋतिका चालली होती. आल्या दिवसापासून तिला काही काही दिसलं होतं. स्वयंपाकघराचं दार लागत नव्हतं. खिडकीच्या कोनाड्यात इवल्या इवल्या पंखांचा ढीग पडला होता, तो तिने केरात लोटला होता. हे सगळं म्हातारपणातल्या अस्वच्छतेत धरून तिने मनातल्या मनात नाकसुद्धा मुरडलं होतं.

माजघरात कॅलेंडर होतं. माणसाने ते उचललं, तर त्याखाली मागच्या वर्षीचं कॅलेंडर, त्याखाली त्याच्या आधीचं. सगळ्यांत खालचं भिंतीला चिकटूनच बसलं होतं. ते सोलून काढलं, तेव्हा मागे बोटभर जाडीची मातीची रेघ जमिनीपासून छतापर्यंत वर गेलेली दिसली.

"बाबा, हे तुम्हाला कधी दिसलं नाही?" ऋतिकाने विचारलं.

"दिसलं की," खंडू म्हणाला. "मला वाटलं कुंभारीण घर करत्ये. खरवडून काडली. पुन्ना आली. मग म्हटलं, करत्ये तर करू दे. आपलं काय खाते?"

माशीसारखी ती कुंभारीण कोपऱ्यात मातीचं घर बांधते आणि कुणाचं काही बिघडवत नाही, हे ऋतिकाला ठाऊक नव्हतं. पण घरात दुसरं कुणी तरी राहतंय म्हणून हा माणूस तिला राहू देत होता, एवढं तिला समजलं आणि पुढचा प्रश्न तिने विचारला नाही.

"खांब गेला, तो बदलायलाच हवा," वाळवीवाला म्हणाला. "दोन चौकटी जातील. बाकी घर वाचेल. पण हे किडे खांबात जन्माला आलेले नाहीत. जमिनीतून वर येतात, आणि त्यांना ओल लागते. यांची वाट कुठून आहे ते बघू. पश्चिमेला काय आहे?"

पश्चिमेला निळी ताडपत्री होती. ती भिंतीवर वरून खाली बांधलेली होती आणि उन्हाने तिच्या चिंध्या व्हायला आल्या होत्या. खंडूचा मुलगा सर्वेश पुढे झाला आणि त्याने ती एका हिसक्यात खाली ओढली. आत झापं होती. नारळीच्या झावळ्या विणून केलेली ही झापं खाडीकाठच्या प्रत्येक घराच्या पश्चिम भिंतीला पावसाआधी बांधतात, म्हणजे आडव्या पावसाने भिंतीचा चिरा भिजत नाही, आणि दसरा झाला की सोडून न्हाणीच्या चुलीत घालतात. ही सोडलेली नव्हती. त्यांच्यावर दुसऱ्या वर्षीची बांधली होती, तीही कशीबशी, अर्धीच, माणसाचा हात पोचेल तेवढीच. सर्वेशने हात लावला तेव्हा झाप हातात आलं नाही, त्याची माती हातात आली. त्या मातीत किड्यांची अख्खी वस्ती होती.

"ही वाट," वाळवीवाला म्हणाला. "जमिनीपासून वाशापर्यंत जिनाच बांधून दिलाय. ओलं, अंधारं, आणि खायला पण तेच."

"बाबा, किती पावसाळे ही काढलेली नाहीत?" सर्वेशचा आवाज चढला.

"ऱ्हावून गेलं."

"राहून गेलं? दर वर्षी?"

खंडू खाली वाकून पडलेल्या ताडपत्रीची घडी घालू लागला. फाटक्या ताडपत्रीची घडी कशाला, असं त्याला कुणी विचारलं नाही.

लेक पूर्वी भिंतीपासून जरा लांब उभी होती. तिला आठवत होतं ते वेगळंच. वैशाख संपत आला की बाबा शिडीवर चढायचे आणि रावजीकाका खाली शिडी धरून एकेक झाप वर द्यायचा. दोघांत सुंभाच्या गाठीवरून वाद चालायचा. एक भिंत झाली की शिडी गडग्यापलीकडे जायची, आणि तिकडे काका वर, बाबा खाली. सगुणाकाकी दोघांना मिळून एकाच तांब्यात कोकमाचं सरबत द्यायची. सगुणाकाकी दोन वर्षांमागे गेली, तेव्हा बाबांनी तिला खांदा दिला, दहा दिवस सुतक पाळलं, आणि काकाशी एक शब्द न बोलता घरी आले.

हे काम एकट्याने होत नाही. शिडी धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस गडग्यापलीकडे होता. आई गेल्यापासून पूर्वी बाबांना रोज संध्याकाळी फोन करून 'जेवलात का, गोळी घेतलीत का' विचारायची आणि आपण फार करतो असं समजायची. झापं कोण बांधतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"गडी का नाही लावलात?" सर्वेश विचारत होता. "मला एक फोन केला असता तरी..."

"गडी लावला की वाडीला कळतं," खंडू म्हणाला.

"काय कळतं?"

"सगळंच."

वाडीला सगळं कधीचंच कळलं होतं, हे सर्वेशने बोलून दाखवलं नाही, ते बरं झालं.

वाळवीवाल्याने काम समजावून सांगितलं. भिंतींच्या कडेने जमिनीला भोकं पाडायची, त्यांतून औषध खाली सोडायचं, लाकडात सुईने भरायचं, पश्चिमेचा सगळा कचरा भिंतीपासून लांब नेऊन जाळायचा. औषध सुकून घर हवेशीर होईपर्यंत आत कुणी राहू नये. आणि आजोबांना दमा आहे म्हणता, तर त्यांनी आणखी एक-दोन रात्री बाहेरच झोपावं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हेच तर बोलायचं होतं, आणि काल रात्रीपासून जो तो ते दुसऱ्याने काढायची वाट बघत होता.

"मग उद्या आमच्याबरोबर डोंबिवलीला चला," सर्वेश म्हणाला. "एक-दोन रात्रींसाठी नाही. कायमचेच. घर नीट करून बंद करू, गणपतीला उघडू. काल काय झालं बघितलंत ना? तो खांब तुमच्या अंगावर आला असता तर? काकाने मुद्दाम दांडा घातला असेल, नसेल, पण बरंच झालं. कळलं तरी."

"रावजी मुद्दाम करील असं काय नाय," खंडू म्हणाला.

"तुम्ही अजून त्याचीच बाजू घ्या."

"बाजू कसली? खांदेकऱ्याला दांडा थांबवता येत नाय. मागची मानसं ढकलतात."

सर्वेशने हात झटकला. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. बापाच्या काळजीने त्याला झोप लागत नव्हती, फोन एका घंटीत उचलला नाही तर त्याचं ऑफिसातलं लक्ष उडायचं. पण माणूस फार दिवस काळजी करत बसलं की त्याला रागच येऊ लागतो, तसं त्याचं झालं होतं. घर बंद झालं की हा घोर एकदाचा मिटेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"माझ्याकडे रत्नागिरीला..." पूर्वीने सुरुवात केली आणि थांबली. तिच्या घरी सासू-सासरे, दोन खोल्या, आणि नवऱ्याला विचारलेलं नव्हतं. भावाने ते ओळखलं.

"तू बोलू नको. तुझं मला माहीत आहे," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "ऋतिका, तू सांग त्यांना. आपण ठरवलंय ना?"

ठरवलं होतं, खरंच. गावी येताना गाडीत ऋतिका 'बघू' म्हणाली होती आणि नवऱ्याने तो होकार धरला होता. आता तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते पायरीवर बसले होते, मांडीवर ताडपत्रीची घडी. आपल्या सातव्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्या डोळ्यांपुढे आला. सकाळी आठला दार ओढून दोघं बाहेर, लेक सानवी शाळेत, मग पाळणाघरात. संध्याकाळी सातपर्यंत आत कुणी नाही. शेजारच्या दारावर पाटी आहे, पण त्या पाटीमागचं माणूस तिने तीन वर्षांत दोनदा पाहिलंय.

"तिकडेही ते एकटेच असतील, सर्वेश," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसभर. इथे निदान पायरीवर बसले तर जाणारा-येणारा हाक मारतो. आपल्याकडे कोण मारणार? लिफ्ट?"

सर्वेश तिच्याकडे बघतच राहिला. बायको अशी वडिलांच्या पारड्यात जाऊन बसेल, हे त्याला अपेक्षित नव्हतं. पूर्वीलाही नव्हतं. वहिनीला सासरा नकोच आहे, असा तिचा इतकी वर्षं समज होता, आणि आतासुद्धा वहिनी खरं बोलते आहे की अंगाबाहेर टाकते आहे, ते तिला ठरवता येईना. खरं सांगायचं तर ऋतिकालाही ते नीटसं ठरवता येत नव्हतं.

"ठीक आहे," सर्वेश म्हणाला. "मग औषध मारल्यावर झोपणार कुठे ते? देवळात? बाबा, तुम्हीच सांगा. आज रात्री कुठे राहणार?"

हा प्रश्न खरा होता आणि खंडूला त्याचं टोक दिसत होतं. आज राहायला जागा नाही म्हटलं की उद्या डोंबिवली, आणि एकदा डोंबिवलीला गेलं की परत येणं नाही. घर बंद झालं की पुन्हा ते कोण उघडतो? वाडीतली अशी कुलपं त्याने कितीतरी पाहिली होती. गणपतीला दोन वर्षं उघडतात, तिसऱ्या वर्षी पावसाचं कारण निघतं. समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस, त्याला भीती अशी वाटायची नाही. पण या वेळी वाटली.

"रावजीकडं ऱ्हातो," तो म्हणाला.

मशीन जोडत असलेल्या वाळवीवाल्यानेही मान वर केली.

"काकाकडे?" पूर्वीने विचारलं. "काका म्हणाला तसं?"

"म्हनंल."

"बाबा, विचारलंय का तुम्ही त्याला?" सर्वेश म्हणाला.

खंडू उठला. पडवीतली अंथरुणाची वळकटी बगलेत मारली, दम्याचा पंप खिशात टाकला. "विचारायलाच चाललोय," तो म्हणाला आणि चालू लागला.

गडग्याला मधे एक खिंड होती. ती एके काळी पायांनी घासून गुळगुळीत झालेली असायची, आता तिच्यात गवत वाळलं होतं. खंडू तिच्याशी थांबला. मागे आपली पोरं उभी राहून बघताहेत, हे त्याला न वळताही कळत होतं. ती बघत नसती तर तो इथूनच परत फिरला असता.

रावजी पडवीत बसून फाटलेलं जाळं तुणत होता. दुपार टळत आली होती. त्याने मान वर केली, भावाला पाहिलं, वळकटी पाहिली, आणि पुन्हा सुई जाळ्यात घातली. त्याचा मुलगा संदेश कुवेतला असायचा. शिमग्याला त्याने व्हिडिओ कॉल करून पालखीचं दर्शन घेतलं होतं.

"घरात औषद मारतायत," खंडू म्हणाला. "वाळवीचं. रातीला आत झोपायचं नाय म्हनतो तो."

रावजीची सुई चालूच होती.

"पोरं मुंबयला न्यायला बघतात. गेलो तर गेलोच." खंडूने वळकटी या बगलेतून त्या बगलेत घेतली. "एक-दोन रातींचा प्रश्न हाय. तुज्या पडवीत पडू काय?"

"आज विचारतंस?" रावजी म्हणाला.

"विचारतोय."

"होडी इकलीस तवा नाय विचारलंस."

"नाय विचारलं."

"हास्पिटलात होतो मी. घरी आलो तं होडी नाय बंदराला. लोकांनी सांगितलानी मला, तुजी होडी गेली म्हनून. तू नाय."

"चुकलं माजं," खंडू म्हणाला. इतकी वर्षं जो शब्द काढायला एवढा जड वाटत होता, तो तोंडातून बाहेर पडला तरी काही झालं नाही. रावजीने तो ऐकल्यासारखंही केलं नाही. त्याने एक गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"तो दांडा मी मुद्दाम नाय मारला," रावजी म्हणाला.

"ठावं हाय मला."

"वाडी म्हनते."

"वाडी म्हनंल. तू आत घेतंस काय ते सांग."

रावजीने पायाने जाळं बाजूला सारलं. एवढीच वाट झाली. खंडू आत गेला आणि माजघरात वळकटी कुठे टाकावी म्हणून इकडे तिकडे बघू लागला. सगुणा असताना या घराला फोडणीचा वास असायचा. आता उंबऱ्यात एकच चपलांचा जोड होता, चुलीजवळ एकच ताट पालथं घातलेलं होतं. आपल्या घरी गेलो तरी हेच दिसतं, असं खंडूच्या मनात आलं. सगुणा गेली तेव्हा दहा दिवसांनी मी माझ्या अंगणात परतलो, आणि हा इथे या एका ताटाशी राहिला. गडग्याच्या दोन बाजूंना दोन म्हातारे दोन चुली पेटवतात आणि दोघांनाही भात एकट्यापुरता शिजवायची सवय होत नाही. खंडूला रडू आलं, आणि ते भावाला दिसू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

भिंतीवर, दाराच्या चौकटीलगत, मातीची एक रेघ वर गेली होती.

खंडूने अंगठ्याने ती फोडली. पांढरे किडे सैरावैरा धावले. त्याने चौकटीवर बोटांची पेरं वाजवली. सकाळपासून तो हाच पोकळ आवाज ऐकत होता.

"रावजी."

"काय ता?"

"हिकडं ये."

रावजी आला. पाहिलं त्याने. "माती हाय ती," तो म्हणाला. "भिंत पाजरते पावसाची."

खंडू मागल्या दाराने बाहेर पडला आणि घराला वळसा घालून पश्चिमेला गेला. तिकडेही ताडपत्री होती, हिरवी. तिच्या फटीतून काळी पडलेली झापं बाहेर डोकावत होती. खाली जुनी, वर थोडी नवी, हात पोचेल तेवढीच.

"कवाची ही?" खंडूने विचारलं.

"तू शिडी धरनं सोडलंस तवाची."

"गडी लावायचा होतास."

"तू लावलास?"

पलीकडून मशीनची घरघर सुरू झाली. भोकं पाडायला सुरुवात झाली होती. दोघे भाऊ तिथे उभे राहून ऐकत राहिले. आज एका घरात औषध जाणार होतं, उद्या त्याच माणसाला दुसऱ्यात बोलवावं लागणार होतं, आणि मग दोघांनाही झोपायला जागा उरणार नव्हती.

"आपन ऱ्हायचं कुटं मग?" रावजी म्हणाला.

खंडूने ताडपत्रीची पहिली गाठ सोडवून पाहिली, ती सुटेना. वरच्या गाठींपर्यंत तर हातही पोचत नव्हता.

"शिडी हाय घरात?" त्याने विचारलं.

"शिडी हाय," रावजी म्हणाला. "धरनारा नवता."